खानापूरच्या रानात कधी जायचं? भीमगड, चोर्ला, आंबोली, दांडेलीसाठी महिना निवडताना

जुलै उजाडला की सांगलीहून साडूंचा फोन येतो. "चोर्ल्याचे धबधबे सुरू झाले असतील, या रविवारी येतो." एका वर्षी मीही हो म्हणून बसलो. सकाळी नऊला बेळगावातल्या गोवावेसहून निघालो, जांबोटी मागं पडली आणि कणकुंबीच्या अलीकडं धुकं असं उतरलं की गाडीपुढचा रस्त्यावरचा पांढरा पट्टा तेवढा दिसायचा. धबधब्यासमोर उभं राहून आम्ही चौघांनी वीस मिनिटं एका पांढऱ्या भिंतीकडं बघितलं. आवाज झकास येत होता. परतताना गाड्यांची रांग, ओले मोजे, आणि साडूंचं एकच वाक्य: "भजी मात्र गरम होती."

तेव्हापासून पाहुण्यांना तारीख देण्याआधी मी काही गोष्टी क्रमानं तपासतो. त्याच इथं लिहितो. माझ्या डोळ्यांपुढं आहे तो बेळगावच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख: खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य, जांबोटी-कणकुंबी-चोर्ल्याचा रस्ता, पलीकडं चंदगड आणि आंबोली, खाली दक्षिणेला जोयडा-दांडेलीचं काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान. महिना निवडायची ही रीत या पट्ट्यापुरती आहे. महाबळेश्वराला ती लावू नका.

पहिलं काम: कशासाठी जायचं ते ठरवा

"फिरायला" हे उत्तर चालत नाही. पाणी बघायचं असेल तर प्राणी दिसणार नाहीत, कारण पावसाळ्यात रानात जागोजागी पाणी असतं आणि जनावर पसरलेलं असतं. मनसोक्त चालायचं असेल तर बेडूक आणि काजवे मिळणार नाहीत. पक्षी हवेत तर पानं थोडी गळायला हवीत, आणि पानं गळली की फोटोतली ती हिरवाई गेली. घरातल्या प्रत्येकाला विचारा, दोन गोष्टी निवडायला लावा, मग कॅलेंडर उघडा. एका सहलीत सगळं बसवायला गेलात की माझ्या साडूंसारखी भजी खाऊन परत येता.

"गारव्याला जातो" म्हणणाऱ्या बेळगावकरांना एक सांगतो. आपलं शहरच अडीच हजार फुटांच्या आसपास आहे. मलप्रभेचा उगम जिथं आहे ती कणकुंबी ७९२ मीटरवर, म्हणजे आपल्यापेक्षा फार वर नाही. आंबोली ६९० मीटर, उलट आपल्याहून खाली. दांडेली तर आणखी खाली, पाचशे मीटरच्याही आत. एप्रिलमध्ये दांडेलीला गेलात तर घरापेक्षा जास्तच घाम येईल. या रानाचा फरक थंडीत नाही, पावसात आणि झाडीत आहे.

दुसरं काम: नकाशावर पाऊस बघा

आपल्याकडं पाऊस गावागणिक बदलतो. अरबी समुद्रावरचे ढग गोव्याचा सपाट भाग ओलांडून येतात, चोर्ला-आंबोलीच्या कड्याला थडकतात, वर चढतात आणि तिथंच रिकामे होतात. मागं बेळगावला पोचतो तो उरलेला पाऊस. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. खानापूर तालुक्यातल्या आमगावनं २०१० साली दहा हजारांचा आकडा ओलांडला होता. बेळगाव शहरात तेराशेच्या आसपास, आणि गोकाकला जेमतेम सहाशे. कणकुंबीहून गोकाक म्हणजे दोन-अडीच तासांची गाडी. एवढ्या अंतरात आपण कोकणातून दुष्काळी भागात जातो.

हे कळलं की निवड सोपी होते. जुलैत कड्यावर जाणं अवघड असेल, तेव्हा राजहंसगड किंवा देवरवाडीचा वैजनाथ डोंगर मस्त असतो. पाऊस येतो-जातो, मधे ढग फाटतात, खाली भाताची रोपं लावलेली दिसतात, आणि दुपारी जेवायला घरी.

यातली सगळ्यात फायद्याची गोष्ट गोकाकची. घटप्रभा आणि हिरण्यकेशीचं पाणी आंबोलीच्या बाजूनं येतं. पाऊस तिकडं पडतो आणि गोकाकच्या कोरड्या आभाळाखाली ५२ मीटरचा धबधबा तांबडा होऊन कोसळतो. मधे हिडकलचं धरण आहे. ते भरत आलं आणि दरवाजे उघडले अशी बातमी वाचली की दोन-तीन दिवसांत निघायचं. बहुतेक वर्षी हे ऑगस्टात होतं. घरात गुडघेदुखीची आजी आणि कडेवरचं पोर असेल तर रानातल्या वज्रपोहा धबधब्याचा नाद सोडा आणि गोकाकला जा. धुकं नाही, जळवा नाहीत, रस्ता थेट.

तिसरं काम: महिन्याऐवजी नक्षत्र धरा

हवामानाची चार रंगीत चित्रं सगळ्यांच्या फोनवर असतात. पण आमच्या भागातले शेतकरी अजून नक्षत्रांवर बोलतात आणि रानासाठी तो हिशोब सोयीचा पडतो, कारण एक नक्षत्र म्हणजे तेरा-चौदा दिवस. महिन्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला रान एकसारखं नसतंच.

मृग लागतो ७-८ जूनला. त्याच्या आधीचे दोन आठवडे काजव्यांचे. वळीव पडून गेलेला, हवा दमट, रात्री अंधारी असावी. चोर्ला, आंबोली, कणकुंबीच्या कडेच्या रानात एखादं झाड धरून हजारो काजवे एका तालात पेटतात आणि विझतात. गाडीचे दिवे बंद करून दहा मिनिटं थांबायचं, डोळे अंधाराला सरावायला हवेत. टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद लावा. लोक मोबाईलचा फ्लॅश मारत बसतात आणि मग काजवे दिसले नाहीत म्हणून कुरकुरतात. पंचांगावर मात्र फार विसंबू नका. २०२५ साली मान्सून २४ मेलाच केरळात उतरला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दारात होता. जूनच्या पहिल्या शनिवारसाठी ज्यांनी खोल्या धरल्या होत्या त्यांनी खिडकीतून पाऊस बघितला.

मृग आणि आर्द्रा, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ, बेडकांचा. आंबोलीला रात्री रस्त्याकडेनं हळू चाललात तर पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मुठीएवढा पांढरा फेस चिकटलेला दिसेल. ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. अंडी त्या फेसात असतात आणि पिल्लं थेट खालच्या पाण्यात टपकतात. हिरवागार नर जवळच बसलेला असतो, पायाच्या बोटांमधले पडदे नारिंगी. आंबोलीच्या नावाचा एक भेक आहे, २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली. अंगावर वाघासारखे पट्टे, आकार अंगठ्याएवढा. तो रस्त्यावरच येतो, म्हणून रात्री तिथं गाडी चालवूच नका, पायी जा.

पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, पुष्य म्हणजे म्हातारा. ५ जुलैपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत हे दोघं असतात, पाठोपाठ आश्लेषा. या काळात पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला मी कड्यावर नेत नाही. धुकं, ओसंडणारे ओढे, पडलेली झाडं आणि रविवारची झुंबड. ज्याला पाऊस अंगावर घ्यायलाच आवडतो त्यानं मधल्या वारी जावं आणि काही दिसेल ही अपेक्षा घरी ठेवून जावं. त्याला मजा येते. मीही दरवर्षी एकदा जातो, एकटा.

मघा, पूर्वा, उत्तरा: १६ ऑगस्टपासून सप्टेंबरअखेर. पावसाला उघडीप मिळू लागते आणि कड्यावरच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर फुलं येतात. सोनकी, तेरडा, गेंद, आणि अगदी जमिनीलगत जांभळी सीतेची आसवं. वाकून बघावी लागतात, गाडीतून फक्त गवत दिसतं. धबधबे अजून भरलेले, आणि अधूनमधून धुकं उचललं की खाली गोव्याकडचं खोरं उघडं पडतं. धबधबा खरोखर डोळ्यांनी बघायचा असेल तर गणपती विसर्जनानंतरचा पंधरवडा धरा. कारवीची मात्र वाट बघू नका. ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि सगळ्या डोंगरावर एकाच वर्षी फुलेल असंही नाही.

हस्त २७ सप्टेंबरला लागतो. दुपारी तीननंतर गडगडाट आणि तासभर जोरदार सर, सकाळ मात्र धुतलेली. आणि मग दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा काळ. एकच तारीख सांगा म्हणालात तर मी यातली सांगेन. पायवाटा वाळलेल्या, पण ओढ्यांना पाणी. जळवा कमी झालेल्या. रान हिरवं, आभाळ निळं, भात पिवळं पडलेलं. भीमगडच्या बाजूला चालायचं असेल, वज्रपोहाला म्हादई कशी उडी घेते ते बघायचं असेल, तर हेच दिवस. वज्रपोहाला जोर दिवाळीपर्यंत टिकतो, जानेवारीनंतर धार बारीक होत जाते. "आता पाऊस गेला, धोका गेला" असं मात्र समजू नका. किटवाडच्या धबधब्यात बेळगावच्या चार मुली बुडाल्या त्या २०२२ च्या नोव्हेंबरात. खडकावरचं शेवाळ आणि डोहाची खोली पंचांग बघत नाहीत.

डिसेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांसाठी. रात्री आपल्याकडं पारा बारा-चौदा अंशांवर येतो, सकाळी दवानं चपला भिजतात. या दिवसांत मी दांडेलीला जातो, आणि सफारीच्या आधी गावातल्या लाकूड डेपोत. होय, सरकारी लाकडाच्या ओंडक्यांच्या आवारात. तिथल्या जुन्या झाडांवर धनेश येतात. आधी ऐकू येतात: पंखांचा घुसघुस आवाज, जुन्या कोळशाच्या इंजिनासारखा. मग उंबराच्या फांदीवर एकेक जण बसतो, चोचीच्या टोकात फळ धरतो, मान मागं टाकतो आणि फळ हवेत उडवून गिळतो. एका सकाळी चहावाल्याच्या बाकावर बसून तासाभरात पंधरा मोजले, कॅमेरा पिशवीतच राहिला. मार्च लागेपर्यंत माद्या ढोलीत स्वतःला बंद करून घेतात आणि नर एकटे फळं आणताना दिसतात. म्हणजे थवा बघायचा असेल तर त्याआधीच.

मार्च ते मे वाईट नाही, लोक उगाच टाळतात. अंजनीची झाडं खोडापासून निळी-जांभळी फुलतात, काजूच्या बोंडांचा आंबूस वास सुटतो, मेमध्ये करवंदं आणि जांभळं. पानझडीच्या रानात पाणवठ्यावर गवे, सांबर दिसायची शक्यता याच दिवसांत जास्त. भीमगडचं बरंचसं रान सदाहरित अंगाचं आहे, तिथं एप्रिलमध्येही दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. प्राण्यांसाठी उन्हाळ्यात जायचं तर दांडेलीकडं जा. वाघाची आशा मात्र धरू नका, दाट झाडी आहे, मला इतक्या वर्षांत पंजाचा ठसाच दिसला. आणि एक काळजी: करवंदं-फणसांच्या दिवसांत अस्वलंही त्याच झाडांवर असतात. झुंजूमुंजू वेळी आणि तिन्हीसांजेला झुडपात शिरायचं नाही, बोलत चालायचं.

चौथं काम: रान उघडं आहे का ते विचारा

महिना चांगला निघाला म्हणून रान उघडं असेलच असं नाही. भीमगडला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, क्षेत्र १९० चौरस किलोमीटर. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पायी जाता येत नाही. शिवकालीन भीमगड किल्ला आतच आहे, तेव्हा "किल्ल्याला जातोय" म्हणून सूट मिळत नाही. हेमाडग्याला वनखात्याचा कॅम्प आहे, तिथं राहायचं तर आधी बुकिंग करून वाटाड्या ठरवून घेणं सगळ्यात सरळ.

जोरदार पावसात खानापूरच्या धबधब्यांवर बंदीचे हुकूम निघतात. फेब्रुवारी ते मे वणव्यांच्या भीतीनं ट्रेकिंगच्या वाटा बंद होतात. दांडेलीची सफारी आणि काळी नदीतलं राफ्टिंग पावसाळ्यात बहुतेक बंदच असतं. एरवीही राफ्टिंग गणेशगुडीच्या सुपा धरणातून पाणी सोडण्यावर चालतं. या तारखा दरवर्षी मागंपुढं होतात, म्हणून मागच्या वर्षीचा व्हिडिओ बघून निघू नका.

भीमगडच्या रानातल्या बारापेडे गुहा बघू का, असं कुणी तरी विचारतंच. नको. तिथं एक दुर्मीळ वटवाघूळ राहतं, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ते जगाला पहिल्यांदा तिथंच सापडलं. फार वर्षं दुसरीकडं कुठं त्याचा पत्ताच नव्हता. कुठल्याही महिन्यात त्या गुहा आपल्यासाठी नाहीत.

आणि कॅसलरॉकहून रुळावरनं दूधसागरला चालत जाणं: रेल्वे कायद्यानं तो गुन्हा आहे, पावसाळ्यात पोलीस उभे असतात. पुण्याहून रात्रभर गाडीत बसून आलेली पोरं परत पाठवलेली मी लोंढ्याच्या फलाटावर बघितली आहेत, तोंडं बघवत नाहीत.

पाचवं काम: निघायच्या आधीचे चार दिवस

हवामान खात्याचा इशारा जिल्ह्यासाठी असतो, त्यात बेळगावबरोबर अथणीही आली. म्हणून जिल्ह्याचा रंग पिवळा असला तरी कड्यावर त्याहून जास्त धरा. उत्तर कन्नड आणि गोव्याचा इशाराही बघा, कारण आपला कडा त्यांच्या शेजारी आहे. दोन्हीकडं नारिंगी असेल तर मी बेत पुढं ढकलतो.

दुसरी खूण पेपरातली. जांबोटीजवळ मलप्रभेच्या पात्रात हब्बनहट्टीचा स्वयंभू मारुती आहे. दर पावसाळ्यात "मारुती पाण्याखाली" अशी बातमी येते. ती आली म्हणजे तिकडचे ओढे, छोटे पूल सगळे भरले समजायचं. अशा दिवशी आडवाटेच्या गावाकडं गाडी घालू नये.

तिसरी, आणि सगळ्यात भरवशाची, म्हणजे तिथल्या माणसाला फोन. जांबोटीच्या एका दुकानदाराचा नंबर मी जपून ठेवला आहे. संभाषण असं:

"मामा, पाणी कसं आहे?"

"काल पुलावरनं गेलं की."

"आणि आज?"

"आज उतरलंय. पण तुम्ही आज येऊ नका, मंगळवारी या."

कारण विचारत नाही. मंगळवारी जातो.

गर्दीचंही एक पंचांग आहे. जुलै-ऑगस्टचे रविवार आणि १५ ऑगस्ट टाळा. नाताळ ते १ जानेवारी चोर्ल्याचा रस्ता गोव्याला जाणाऱ्यांचा असतो, तुम्हाला कणकुंबीलाच जायचं असलं तरी त्याच रांगेत उभं राहावं लागतं. पावसाळ्यानंतर त्या रस्त्यावर खड्डे किती उरलेत हेही विचारून घ्या. एका ऑक्टोबरात पंक्चर काढायला पिरनवाडीपर्यंत यावं लागलं होतं, जेवण हुकलं ते वेगळंच.

सहावं: घड्याळ आणि पिशवी

कड्यावर सकाळी दहापर्यंत काय दिसेल ते दिसेल. हस्त-चित्रात दुपारनंतर वीज, हिवाळ्यात दुपारी विरळ धुरकट हवा, उन्हाळ्यात नुसती तलखी. म्हणजे बेळगावहून साडेपाचला निघा, कुरकुर करणाऱ्यांना मागच्या सीटवर झोपू द्या. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दाट रानात त्याआधी अर्धा तास अंधार पडतो. चार वाजले की जिथं असाल तिथून परत फिरा.

पावसाळ्यात जळवांसाठी तंबाखू पाण्यात भिजवून ते पाणी मोज्यांना लावा, वर पँट मोज्यांत खोचा. लागलीच तर ओढू नका, नखानं बाजूनं सरकवा, सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही. छत्री कड्यावरच्या वाऱ्यात उलटी होते, रेनकोटच घ्या. उन्हाळ्यात माणशी तीन लिटर पाणी. फेब्रुवारीनंतर ओढ्याच्या भरवशावर मी एकदा निघालो होतो, वाळलेल्या पात्रात बसून संत्री सोलून खाल्ली आणि अर्ध्यातून परतलो.

जांबोटी सोडल्यावर मोबाईलची रेंज तुटक होते, आतल्या गावांत जातेच. कुठल्या वाटेनं चाललोय आणि कितीला परतणार ते जांबोटीला चहा पितानाच घरी सांगून टाका. बसनं जाणार असाल तर सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या, आणि कणकुंबीला उतरताना कंडक्टरला पुन्हा एकदा विचारा.